विमान कंपनी आणि विमानतळ व्यवस्थापनाची तोंडओळख : कोर्स घ्यावा असा, पण रॅम्पवर फार कमी वेळ थांबणारा

हा कोर्स घेण्याआधी मी इथले अभिप्राय वाचले होते. 'छान शिकवतात', 'माहितीपूर्ण आहे' यापलीकडे त्यांतून काही कळेना, म्हणून सविस्तर लिहिते. मी ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे, म्हणजे रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या आवारात) विमानाची जमिनीवरची कामं करणाऱ्यांत. आधी लोड कंट्रोलला, म्हणजे विमानाच्या वजनाच्या आणि तोलाच्या हिशोबाला होते, आता शिफ्टची ड्युटी मॅनेजर. विमान बेवर (उभं राहण्याच्या जागेवर) लागल्यापासून पुशबॅक होईपर्यंत, म्हणजे निघताना मागे ढकललं जाईपर्यंत, जे काही चालतं ते माझं रोजचं काम. पण वेळापत्रक असंच का आखलं, विमानतळानं हीच बे का दिली, चांगला भरणारा मार्ग कंपनीनं अचानक का बंद केला, हे सगळं वर ठरतं आणि आम्हाला फक्त कळवलं जातं. ते ठरतं कसं, हे मला समजून घ्यायचं होतं. कोर्सनं त्यातलं पुष्कळ समजावलं. जिथे कमी पडला तेही सांगते.

शिकवणारे दोघं आहेत. सर विमान कंपनीत भाडी ठरवणाऱ्या विभागात होते, मॅडम विमानतळाच्या नियोजनात. दोघांचं सगळीकडे पटत नाही आणि ते तसं दाखवतातही. अशा विषयात हे फार मोलाचं आहे. विमान कंपनी आणि विमानतळ एकाच प्रवाशावर जगतात, पण त्या प्रवाशाकडून दोघांना वेगवेगळं काही हवं असतं. हे एकट्या माणसाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा दोघांच्या वादातून जास्त पटतं.

पहिला भाग कायद्याचा. तो थोडा कोरडा आहे, पण टाळू नका. १९४४ च्या शिकागो करारानं प्रत्येक देशाचं आपल्या हद्दीवरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केलं, आणि त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ उभी राहिली. दुसऱ्या देशात विमान न्यायचं तर हक्क मागून घ्यावा लागतो. या हक्कांच्या पायऱ्या नकाशावर छान दाखवल्या आहेत. नुसतं वरून उडत जाणं, इंधनासाठी उतरणं, आपल्या देशातून प्रवासी नेणं, तिकडून आणणं, असं करत पाचव्या हक्कापर्यंत येतात. त्यासाठी सिंगापूर एअरलाइन्सच्या फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्या फ्लाइटचं उदाहरण आहे. कंपनी सिंगापूरची, पण फ्रँकफर्टला चढून न्यूयॉर्कला उतरणारा प्रवासी ती घेऊ शकते. आयकाओ म्हणजे सरकारांची संघटना आणि आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची, हा फरकही इथेच पक्का होतो. आमच्याकडे नव्यानं लागलेली मुलं या दोन नावांची सर्रास अदलाबदल करतात. त्यांच्यासाठी एवढा भाग तरी सक्तीचा करावा असं मला वाटतं.

दुसरा भाग विमान कंपनीच्या हिशोबाचा. माझ्या मते अख्ख्या कोर्समध्ये हा सगळ्यात चांगला. आसन-किलोमीटर वगैरे व्याख्या कुठेही मिळतात. इथे सर एकच फ्लाइट फळ्यावर घेतात आणि तिला शेवटपर्यंत सोडत नाहीत. विमान १८० आसनांचं, टप्पा १,००० किलोमीटरचा, म्हणजे विकायला १,८०,००० आसन-किलोमीटर. दर आसन-किलोमीटरमागे खर्च ६ धरायचा आणि दर प्रवाशाकडून किलोमीटरमागे मिळकत ८. सहाला आठनं भागलं की ७५ टक्के येतात. म्हणजे १३५ प्रवासी बसले की खर्च भरून निघतो आणि कमाई १३६व्यापासून सुरू होते. मग ते मिळकत आठवरून सातवर आणतात. आता सहाला सातनं भागायचं. उत्तर जवळजवळ ८६ टक्के, म्हणजे १५५ प्रवासी हवेत. काल १५० प्रवासी घेऊन फायद्यात गेलेली फ्लाइट आज तेवढेच प्रवासी घेऊन तोट्यात गेली. विमानात शिरून बघितलं तर काल आणि आज तुम्हाला काहीच फरक दिसणार नाही.

हे मी दोनदा बघितलं. भरलेली फ्लाइट गेली म्हणजे कंपनीचं बरं चाललंय, असं रॅम्पवर सगळेच धरून चालतात. लोडशीटवर, म्हणजे विमानाच्या वजनाच्या आणि तोलाच्या कागदावर, प्रवाशांचा आकडा असतो, त्यांनी किती पैसे भरले ते नसतं. चांगले भरणारे मार्ग का बंद होतात, या प्रश्नाचं उत्तर मला या फळ्यावर मिळालं.

खर्चाच्या बाजूला सरांनी इंधनावर भरपूर वेळ दिला आहे आणि तो द्यायलाच हवा. बहुतेक कंपन्यांच्या एकूण खर्चात साधारण पाव ते एक तृतीयांश वाटा इंधनाचा असतो, आणि त्याची किंमत कंपनीच्या हातात नसते. पण मला जास्त उपयोगी पडलं ते विमानाच्या भाड्याचं प्रकरण. आज जगातली बरीच प्रवासी विमानं विमान कंपन्यांच्या मालकीची नसून भाडेपट्ट्यावर घेतलेली असतात. विमान उडो वा बेवर उभं राहो, हप्ता सुरूच. म्हणून जमिनीवरचं प्रत्येक मिनिट महाग. इथे अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीची गोष्ट येते. १९७२ मध्ये पैशांची तंगी होती म्हणून या कंपनीला आपल्या चार विमानांपैकी एक विकावं लागलं. तरी चार विमानांचं वेळापत्रक तिनं तीन विमानांत बसवलं, कारण विमान दहा मिनिटांत वळवून पुन्हा पाठवायची शिस्त तिथल्या लोकांनी लावून घेतली. गोष्ट छान सांगितली आहे. पण दहा मिनिटांत वळवलं म्हणजे नेमकं काय केलं? कोण कुठे उभं होतं, कुठलं काम कुठल्या कामाबरोबर उरकलं, यावर एक वाक्यही नाही. ही उणीव पुढे पुन्हा पुन्हा जाणवते.

भाडी ठरवण्याचा तास सरांचा हातखंडा विषय आहे आणि ते कळतं. अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. पीपल एक्स्प्रेससारख्या नव्या कंपन्या खूप स्वस्त तिकिटं विकू लागल्या. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं उत्तर दिलं ते असं : काही आसनं तितकीच स्वस्त, पण तिकीट आधी काढलं पाहिजे आणि अटी पाळल्या पाहिजेत. बाकीची आसनं ऐनवेळी येणाऱ्या आणि जास्त पैसे मोजू शकणाऱ्या प्रवाशासाठी राखून ठेवायची. कुठल्या फ्लाइटवर किती आसनं कुठल्या भावाला, हे संगणक मागच्या बुकिंगवरून सांगणार. पीपल एक्स्प्रेस १९८७ पर्यंत संपली, कॉन्टिनेंटलमध्ये विलीन झाली. शेजारी बसलेल्या माणसाचं तिकीट आपल्यापेक्षा स्वस्त का, हा प्रश्न पडणाऱ्या कुणालाही हा तास आवडेल. ओव्हरबुकिंगचं, म्हणजे आसनांपेक्षा जास्त तिकिटं विकण्याचं गणितही इथेच आहे. मात्र गेटवर उरलेल्या प्रवाशाशी कसं बोलायचं आणि त्याला आधी कुणी सामोरं जायचं, याचा विचार त्यात नाही.

तिसऱ्या भागात मॅडम विमानतळाचा पैसा उलगडतात. एका बाजूला विमानांकडून येणारं उत्पन्न : वजनाप्रमाणे उतरण्याचं शुल्क, उभं राहण्याचं शुल्क, प्रवासी शुल्क. दुसऱ्या बाजूला दुकानं, गाड्यांची पार्किंग, जाहिराती, जागेची भाडी. मग प्रश्न येतो की विमान कंपन्यांकडून घ्यायचं शुल्क ठरवताना दुकानांची कमाई हिशोबात धरायची का. धरली तर सिंगल टिल. लंडनच्या हीथ्रोला हीच पद्धत आहे, आणि तिथे दुकानांच्या उत्पन्नामुळे विमान कंपन्यांचं शुल्क कमी बसतं. नाही धरली तर ड्युअल टिल, म्हणजे दुकानांचा फायदा विमानतळाकडेच राहतो. सर म्हणतात, आमच्या विमानांमुळेच गिऱ्हाईक दुकानात येतं. मॅडम म्हणतात, टर्मिनल बांधायची जोखीम आम्ही घेतली. हा वाद सलग ऐकावा असा आहे, आणि शेवटी दोघांपैकी कुणीच माघार घेत नाही.

याच तासात मॅडमनी एक गोष्ट ओघात सांगितली आणि लगेच पुढे गेल्या. विमानतळाला वाटतं की सुरक्षा तपासणी झाल्यावर प्रवाशानं दुकानांच्या भागात जास्तीत जास्त वेळ घालवावा. विमान कंपनीला तो लवकरात लवकर गेटवर हवा असतो. मी तिथेच व्हिडिओ थांबवला. त्या एका वाक्याची किंमत आम्ही रोज मोजतो.

दुकानात रमलेलं कुटुंब गेटवर वेळेत पोचलं नाही की काय होतं ते सांगते, कारण कोर्स सांगत नाही. त्यांच्या बॅगा विमानात चढलेल्या असतात. प्रवासी नाही तर त्याची बॅगही जाणार नाही. १९८५ मध्ये एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं आणि १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीवर पॅन अ‍ॅमचं विमान बॅगेतल्या बॉम्बनं पडलं, त्यानंतर हा नियम जगभर घट्ट झाला, आणि त्यात ढिलाई नकोच. मग मागच्या होल्डचं (सामानाच्या कप्प्याचं) दार पुन्हा उघडतं. बॅगा हातानं रचलेल्या असतील तर लहान विमानाच्या होल्डमध्ये लोडरला सरळ उभंही राहता येत नाही. तो गुडघ्यांवर बसतो, टॅगचे शेवटचे आकडे टॉर्चच्या उजेडात वाचतो आणि एकेक बॅग बाजूला सारतो. बाहेर त्याचा जोडीदार रेडिओवर नंबर पुन्हा सांगत असतो. बॅगा सापडल्या की होल्ड परत रचायचा, जाळी लावायची, दार बंद करायचं. तिकडे लोड कंट्रोलला आकडे बदलायचे, वजन आणि तोल पुन्हा तपासायचा, कॅप्टनला सुधारलेली लोडशीट द्यायची. तोपर्यंत नियंत्रण कक्षानं दिलेली निघण्याची वेळ हुकलेली असते आणि नवी वेळ कधीची मिळेल ते आपल्या हातात नसतं.

आणि आता त्या भागाच्या शेवटच्या चाचणीतला प्रश्न बघा. फ्लाइट उशिरा निघाली, कारण न आलेल्या प्रवाशाच्या बॅगा उतरवाव्या लागल्या. जबाबदारी कुणाची? पर्याय चार : विमान कंपनी, विमानतळ, ग्राउंड हँडलिंग, हवाई वाहतूक नियंत्रण. कोर्सच्या मते बरोबर उत्तर ग्राउंड हँडलिंग. मला हे मुळीच मान्य नाही. आयाटाच्या उशिराच्या कोडमध्येसुद्धा चेक-इन करून न आलेल्या प्रवाशासाठी १५ हा कोड आहे, आणि तो बोर्डिंगच्या खात्यात मोडतो. लोडिंग-अनलोडिंगचा कोड ३२, तो वेगळा. होल्डमध्ये गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या नावावर हा उशीर टाकला की खरं कारण दिसेनासं होतं, आणि उद्या त्याच फ्लाइटला पुन्हा तेच घडतं. गेट किती उशिरा जाहीर झालं, तिथवर चालायला किती वेळ लागतो, बोर्डिंग कधी सुरू केलं, हे सगळं तपासायला हवं. व्यवस्थापन शिकवणाऱ्या कोर्सनं विद्यार्थ्याला एवढा विचार करायला लावलाच पाहिजे.

बरं, हा उशीर तिथेच संपत नाही. तेच विमान पुढच्या गावी उशिरा पोचतं, तिथून उशिरा निघतं, आणि तिथल्या नोंदीत ९३ पडतो : विमानच मागून उशिरा आलं. संध्याकाळपर्यंत ९३ ची रांग लागते आणि सकाळचा मूळ उशीर सगळे विसरून जातात. ९३ हा आकडा अख्ख्या कोर्समध्ये एकदाही ऐकू येत नाही.

चौथा भाग स्लॉटचा, आणि तिथे कोर्स पुन्हा रंगात येतो. गर्दीच्या विमानतळावर उतरायची-उडायची वेळ, म्हणजे स्लॉट, ही स्वतःच एक मालमत्ता आहे. एका हंगामात मिळालेल्या वेळांपैकी ८० टक्के वापरल्या तर पुढच्या तशाच हंगामात त्या तुमच्याकडे राहतात, नाहीतर परत जातात. ३० आठवड्यांची मालिका असेल तर किमान २४ वेळा उडायला हवं. २०२० च्या महामारीत हा नियम बऱ्याच ठिकाणी शिथिल करावा लागला, कारण नुसता स्लॉट वाचवायला रिकामी विमानं उडवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा, म्हणून तिथल्या पहाटेच्या एका स्लॉटजोडीसाठी (एक वेळ उतरायची, एक उडायची) ओमान एअरनं २०१६ मध्ये साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या होत्या. मॅडम या विषयावर बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात त्रागा ऐकू येतो : धावपट्टी विमानतळानं बांधली, आणि तिच्यावरची वेळ एक विमान कंपनी दुसरीला विकते. इथला स्प्रेडशीटचा सराव जरूर करा. आपणच स्लॉट वाटायचे असतात आणि कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं.

विमानतळाच्या मापांचा तास छोटा आहे, पण माझा आवडता. पंखांच्या रुंदीवरून विमानांचे गट पडतात आणि बे, टॅक्सीवे (बे आणि धावपट्टी जोडणारे रस्ते) त्या गटांप्रमाणे बांधतात. गट 'सी' म्हणजे ३६ मीटरच्या आत. ए-३२० च्या पंखांना टोकाला वर वळलेले शार्कलेट लावले तरी रुंदी ३५.८ मीटरवर थांबते, ती यामुळेच. बोइंगच्या ७७७-९ चे पंख सुमारे ७२ मीटर, पण जमिनीवर टोकं दुमडून ते ६५ मीटरच्या आत येतात, म्हणजे आज मोठ्या विमानांना मिळतात त्याच बेवर हे विमान लागू शकतं. विमानतळाच्या काँक्रीटनं विमानाच्या पंखाला बिजागरी लावायला लावली! बेवरच्या रंगीत रेषांकडे मी तेव्हापासून जास्त लक्ष देऊन बघते.

फसलेल्या प्रकल्पांच्या भागात दोन उदाहरणं आहेत. डेन्व्हरचा नवा विमानतळ स्वयंचलित बॅग यंत्रणेच्या अडचणींमुळे रखडत १९९५ च्या फेब्रुवारीत उघडला. हीथ्रोचं टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी बॅगांचा खोळंबा होऊन उड्डाणं रद्द झाली. दुसरं प्रकरण त्यांनी जास्त नीट हाताळलंय. इमारत तयार होती, पण कर्मचाऱ्यांना ती पुरेशी ओळखीची नव्हती. पार्किंग सापडेना, सिस्टिममध्ये लॉग-इन होईना. नवी इमारत चालू करण्याआधी माणसांची रंगीत तालीम किती लागते, हे इथे ठसतं.

सुरक्षेच्या भागानं मात्र माझी निराशा केली. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरीफ बेट, केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांच्या दोन ७४७ ची धावपट्टीवर टक्कर, ५८३ मृत्यू. कोर्स हे सगळं रेडिओवरच्या संभाषणाचं उदाहरण म्हणून सांगतो. ते खरंच आहे. परवानगी नसताना केएलएमच्या विमानानं धाव घेतली. पण त्याआधीचे तास बघा. शेजारच्या ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून विमानं या छोट्या विमानतळावर वळवली. ती उभी करायला जागा नव्हती म्हणून टॅक्सीवेचा भाग अडला. टॅक्सीवे अडला म्हणून विमानांना धावपट्टीवरूनच मागे चालत जावं लागलं. केएलएमनं तिथेच इंधन भरलं आणि मागे अडकलेल्या पॅन अ‍ॅमला पुढे काढता आलं नाही. केएलएमच्या चमूला आपल्या कामाच्या तासांची मर्यादा संपण्याची धास्ती होती. वर धुकं. यातली प्रत्येक गोष्ट बे, इंधन, कामाचे तास यांची, म्हणजे या कोर्सच्या विषयाची आहे. वळवलेली विमानं अचानक अंगावर येतात तेव्हा ड्युटी मॅनेजरनं काय करायचं, यासाठी याहून मोठा धडा मला माहीत नाही, आणि तो त्यांच्या हातातून निसटलाय.

ग्राउंड हँडलिंगला पूर्ण कोर्समध्ये एकच व्हिडिओ आहे, तोही चित्रांचा : विमान, भोवती गाड्या, प्रत्येक गाडीला नाव. इंधन आणि बोर्डिंग एकत्र कधी चालतं, कुठलं काम अडलं की बाकी सगळं अडतं, लोडशीट शेवटच्या पाच मिनिटांत का बदलते, काही नाही. माझी त्यांना विनंती आहे की एका टर्नअराउंडचं, म्हणजे विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतचं, सलग चित्रण टाका, चॉक्स (चाकांना लावायचे अडथळे) लावल्यापासून काढेपर्यंत, न कापता, कोपऱ्यात घड्याळ ठेवून. त्यावर सर आणि मॅडम दोघांनी बोलावं. तुमचे दोन्ही धंदे एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात ते तिथे.

कुणी घ्यावा? रॅम्प, गेट, चेक-इनवर काही वर्षं काढून आता सुपरवायझर व्हायचंय, त्यांनी नक्की. विमान वाहतुकीत शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनीही, पण जोडीला प्रत्यक्ष विमानतळावर काम बघण्याची संधी शोधावी. प्रमाणपत्र मिळतं, ते परवाना नव्हे. त्यावर कुणी तुम्हाला लोडशीटवर सही करू देणार नाही. विमानतळाचे आराखडे करणाऱ्यांना तिसरा भाग फार प्राथमिक वाटेल. सबटायटल चांगली आहेत, सर थोडं भरभर बोलतात, वेग कमी करून ऐका.

स्लॉटच्या सरावाची फाइल उतरवताना एक सांभाळा. भागाच्या सुरुवातीला दिलेल्या फाइलमध्ये हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून धरलाय. तो सुरू होतो शेवटच्या रविवारी. त्यामुळे आठवडे जास्त मोजले जातात आणि ८० टक्क्यांचं उत्तर चुकतं. दुरुस्त केलेली फाइल त्याच भागाच्या शेवटच्या पानावर आहे, ती घ्या.